‘नीट दिसली नाही’ असं लिहिलंय, ‘नाही’ असं लिहिलेलं नाही

(या वेळचं पत्र यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलं आहे. दिवस मोजके होते म्हणून त्या मुलीशी मी आधीच फोनवर बोलले. तिच्या परवानगीनं पत्र आणि उत्तर इथे देते आहे. नाव, गाव आणि ओळख पटेल असं बाकी सगळं काढलं आहे.)

‘मॅडम, माझं वय २४. पहिलंच बाळंतपण. मागच्या मंगळवारी तालुक्याला सोनोग्राफी केली, २१ आठवडे ४ दिवस निघाले. डॉक्टरांनी पोटावर मशीन बराच वेळ फिरवलं, मग यांना बाहेर बोलावून सांगितलं की बाळाच्या डोक्यात पाणी आहे, नागपूरला जाऊन एमआरआय करून आणा. मला काहीच सांगितलं नाही. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, गिऱ्हनात तू कांदा चिरला होता, म्या तवाच म्हनत होती. भासरे (मोठे दीर) म्हणतात, खाजगीत आठ हजार मागून राहिले, त्यापेक्षा पाडून टाका, वय काय गेलं का. यांचा जीव होत नाही, पण कापूस अजून घरात यायचा आहे, हातात पैसा नाही. एमआरआयच्या मशीननं बाळाला काही होईल का? आणि त्यात सगळं कळेल का? रिपोर्टचा फोटो पाठवते. रात्री झोप येत नाही. बाळ हललं की रडू येतं.’

पोरी,

आधी तुझ्या दोन प्रश्नांची उत्तरं. एमआरआयनं बाळाला काही होत नाही. आणि नाही, त्यात सगळं कळत नाही. पण तुझ्या बाळाबद्दल आज जी एक गोष्ट कळायला हवी आहे, ती कळण्याची शक्यता चांगली आहे, म्हणून मी तुला ‘कर’ म्हणते. मात्र गाडी काढून समोर दिसेल त्या सेंटरमध्ये शिरायचं नाही. का, ते सांगते.

रिपोर्टचा फोटो मोबाइलवर मोठा करकरून पाहिला. शेवटच्या पानावर तीन ओळी आहेत. ‘बायलॅटरल माइल्ड व्हेंट्रिक्युलोमेगॅली, ११.५ एमएम.’ खाली ‘सीएसपी नॉट वेल व्हिज्युअलाइज्ड.’ त्याखाली ‘ॲडव्हाइज फीटल एमआरआय.’ तुमच्या घरात आठ दिवस जे चाललंय ते सगळं पहिल्या ओळीवरून. माझी नजर मात्र दुसऱ्या ओळीवर अडली.

पहिलीचं आधी उरकते. ‘डोक्यात पाणी’ म्हटलं की आपल्याकडे लोकांच्या डोळ्यांपुढे भोपळ्याएवढं डोकं उभं राहतं. अगं, पाणी सगळ्यांच्याच डोक्यात असतं. तुझ्या, माझ्या आणि भासऱ्यांच्याही. मेंदूच्या आत दोन बाजूंना पोकळ्या असतात, त्यात ते खेळतं राहतं. त्या पोकळ्या रुंदावल्या की रिपोर्टात ‘व्हेंट्रिक्युलोमेगॅली’ लिहितात. सोनोग्राफीत त्या पोकळीची रुंदी एका ठरलेल्या जागी मोजतात. दहा मिलिमीटरच्या आत असली की ठीक. १० ते १२ सौम्य, १३ ते १५ मध्यम, १५ च्या वर गेली की काळजीचं. तुझ्या बाळाची साडेअकरा, म्हणजे रेषेच्या पलीकडे दीड मिलिमीटर. तिळाचा दाणा याहून लांब असतो. मोजताना खूण जरा तिरकी पडली तरी एवढा फरक पडू शकतो. आणि समजा खरंच साडेअकरा आहे, पण बाकीचा मेंदू नीट, गुणसूत्रं नीट, संसर्ग नाही असं निघालं, तर अशी दहातली नऊ किंवा त्याहून जास्त मुलं चारचौघांसारखीच वाढतात.

आता त्या ‘पण’चं. बाकीचा मेंदू नीट आहे का? सीएसपी म्हणजे मेंदूच्या मधोमध, पुढच्या अंगाला असलेली एक इवलीशी चौकोनी डबी. सोनोग्राफी करणारे तिला मुद्दाम शोधतात. ती जागेवर दिसली की तिच्या वरचा पूलही बहुधा जागेवर आहे असं धरतात. हा पूल म्हणजे मेंदूच्या उजव्या-डाव्या भागांना जोडणारा मज्जातंतूंचा जाड पट्टा. डॉक्टर त्याला कॉर्पस कॅलोसम म्हणतात. पूल बनलाच नसेल तर पोकळ्याही मागच्या बाजूनं रुंदावतात. म्हणून तुझ्या डॉक्टरांच्या मनात आलं असणार की हे साडेअकरा त्यामुळे तर नसेल? शंका रास्त आहे. तुला टेबलावर तशीच ठेवून नवऱ्याला बाहेर बोलावलं, त्याचा मला राग आला. पोट तुझं, बाळ तुझं, आणि बातमी दाराबाहेर. पण रिपोर्ट त्यांनी इमानानं लिहिलाय. डबी शोधली, सापडली नाही, तरी ‘नाही’ असं लिहून मोकळे झाले नाहीत. ‘नीट दिसली नाही’ असंच लिहिलं. या दोहोंमध्ये जी जागा उरते, तेवढीच एमआरआयनं भरायची आहे.

मग सोनोग्राफीत का दिसत नाही, असं तुझे हे विचारतीलच. सोनोग्राफी आवाजाच्या लहरींनी बघते. बाळ पालथं असलं, डोकं खाली ओटीपोटात रुतलेलं असलं, बाळाभोवतीचं पाणी कमी असलं की चित्र धूसर येतं. वर कवटीचं हाड. जसजसे महिने भरतात तसं ते टणक होतं आणि मशीनच्या जवळची मेंदूची बाजू त्याच्या आड झाकोळते. एमआरआयला हाड आडवं येत नाही. त्यात मोठं लोहचुंबक असतं आणि रेडिओलहरी असतात; एक्स-रे नाही, सीटी स्कॅनसारखं रेडिएशन नाही. शरीरातल्या पाण्यापासून ते चित्र काढतं, आणि बाळाचा मेंदू म्हणजे बहुतांश पाणीच.

हे काही काल निघालेलं नाही. स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनच्या डॉक्टरांनी गरोदर बायकांच्या अशा तपासणीबद्दल १९८३ सालीच लिहिलं होतं. तेव्हा एकेका चित्राला मिनिटं लागत, बाळ हललं की सगळं फिसकटायचं. आता एक चित्र सेकंदाच्या आत निघतं, बाळानं लाथ मारली तर तेवढंच पुन्हा घेतात. अपाय होतो का, हेही तपासून झालंय. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात १४ लाखांहून जास्त बाळंतपणांच्या नोंदी चाळून २०१६ साली अभ्यास आला. पहिल्या तीन महिन्यांत, म्हणजे बाळाचे अवयव बनत असताना एमआरआय झाला होता, त्या मुलांतही जास्तीचा अपाय दिसला नाही. त्याच अभ्यासात एक धोक्याची खूण मात्र होती. शिरेतून गॅडोलिनियम नावाचं औषध देऊन केलेल्या एमआरआयचा निकाल चांगला नव्हता. तुझ्या तपासणीला त्या औषधाची गरजच नाही. कुणी हाताला सुई लावायला आलं तर हात मागे घे आणि विचार, ‘कशाला?’

उपयोग किती होतो, त्याचाही हिशेब आहे. ब्रिटनमधल्या १६ केंद्रांत, मेंदूत दोष असल्याची शंका आलेल्या ५७० बाळांची सोनोग्राफी आणि मग एमआरआय अशी जोडीनं तपासणी झाली. ‘लॅन्सेट’ मासिकात... मासिक कसलं, साप्ताहिक आहे ते, त्यात २०१७ साली निकाल छापून आला. सोनोग्राफीचं निदान ६८ टक्के बाळांत बरोबर निघालं, एमआरआय जोडल्यावर ९३ टक्क्यांत. यात दोन गोष्टी लक्षात घे. एक, तिथली सोनोग्राफी या विषयातल्या तज्ज्ञांनी केलेली होती. दोन, ९३ म्हणजे १०० नव्हे.

म्हणून एमआरआयच्या आधी एक पायरी आहे, ती चुकवू नको. नागपूरला गेलीस की पहिल्यांदा फीटल मेडिसिनच्या, म्हणजे पोटातल्या बाळाच्या तपासणीतल्या तज्ज्ञ डॉक्टरांकडून फक्त बाळाच्या मेंदूसाठीची सविस्तर सोनोग्राफी करून घे. बाळ डोक्याकडून खाली असेल तर ती खालच्या मार्गानं करतात. लाजू नको, त्यात पूल जास्त स्पष्ट दिसतो. मी असे कितीतरी रिपोर्ट पाहिलेत की तालुक्याला ‘दिसली नाही’ आणि तिथे दहा मिनिटांत डबी, पूल सगळं जागेवर. मग आठ हजार घरात राहतात. शंका उरलीच तर तेच डॉक्टर चिठ्ठीवर प्रश्न लिहून देतील, ‘कॉर्पस कॅलोसम पूर्ण आहे, अर्धा आहे की नाही? सोबत आणखी काही?’ नुसतं ‘फीटल एमआरआय’ एवढीच चिठ्ठी घेऊन गेलीस तर उत्तरही तसंच गोलमाल येतं.

सेंटर निवडतानाचं एक सांगते. एका बाईचा असा एमआरआय माझ्याकडे आला होता. सेंटरचं नाव नको. गुडघे, पाठीचे मणके यात त्यांचा हात बसलेला. पोटातल्या बाळाचा त्यांनी बहुधा पहिल्यांदाच काढला होता. चित्रं हललेली, आणि खाली चक्क ‘नॉर्मल’. दोन बकऱ्या विकून आलेले पैसे होते ते. सगळं पुन्हा करावं लागलं. तेव्हा फोन करून किंमत विचारण्याआधी दोन प्रश्न विचारायचे: पोटातल्या बाळाचा एमआरआय तुमच्याकडे नेहमी होतो का, आणि तो वाचणारे डॉक्टर कोण? समोरच्यानं ‘आमचं मशीन लेटेस्ट आहे’ असं उत्तर दिलं तर फोन ठेवून द्यायचा.

पैशांचं. तुला कुणी सांगितलं नसेल, पण सरकारी दवाखान्यात गरोदर बाईच्या तपासण्या मोफत आहेत. २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे, त्यात औषधं, तपासण्या, जाण्यायेण्याची गाडी सगळं येतं. नागपूरच्या मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, किंवा एम्सला आधी चौकशी कर. तुम्ही कळंब-देवळीवरून जाणार, वर्धा वाटेतच आहे, तर तिथल्या सेवाग्राम आणि सावंगीच्या दवाखान्यांनाही फोन लावून ठेव. सरकारी ठिकाणी ‘समाजसेवा अधीक्षक’ अशी पाटी असलेली खोली असते. डॉक्टरांच्या रांगेत उभं राहण्याआधी तुझ्या यांना तिथे पाठव. गावातल्या आशाताईला सोबत घेतलंस तर अर्धी धावपळ वाचेल, त्यांना दवाखान्यातल्या वाटा माहीत असतात. एसटीत तुझं तिकीट अर्धंच आहे.

आता वेळेचं. यात माझी स्वतःची एक चूक आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

२०२१ च्या आधीची गोष्ट. वणीकडची एक मुलगी, तुझ्याच वयाची, १९ व्या आठवड्यात आली. बाळाच्या पाठीचा कणा खालून उघडा होता, मोठा होता, आणि सोनोग्राफीतच लख्ख दिसत होता. तरी मी ‘खात्री करून घेऊ’ म्हणून एमआरआयची चिठ्ठी लिहिली. नंबर लागला दहा दिवसांनी. रिपोर्टमध्ये नवीन एक अक्षर नव्हतं. पण दरम्यान २० आठवडे उलटले होते, आणि तेव्हा कायद्यानं गर्भपाताची हद्द २० वरच होती. पुढे वाट होती ती नागपूर खंडपीठात अर्ज करण्याची. तिचा नवरा मजुरीला जाणारा. कोर्ट म्हटल्यावर तो खाली बघत राहिला. मूल झालं, चार महिने जगलं. तिला काय हवं होतं, हे तिला ठरवता आलं असतं. ते दहा दिवस माझ्या चिठ्ठीनं खाल्ले. तेव्हापासून मी एमआरआय लिहिण्याआधी स्वतःला विचारते, याच्या उत्तरानं काही बदलणार आहे का? तुझ्या बाबतीत बदलणार आहे, म्हणून लिहिते आहे.

आज कायदा वेगळा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर बाळात गंभीर दोष असण्याची मोठी शक्यता असेल तर २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मतानं गर्भपात करता येतो. २४ च्या पुढेही, दोष मोठा असल्याचं राज्य सरकारनं नेमलेल्या वैद्यकीय मंडळानं ठरवलं, तर परवानगी मिळते. मंडळानं अर्ज आल्यापासून तीन दिवसांत मत द्यायचं असतं. त्यामुळे ‘२४ च्या आत काय ते उरका’ अशी कुणी घाई लावली तर बावरू नको. अर्धवट रिपोर्टवर, साडेअकरा या एका आकड्यावर असा निर्णय घ्यायचा नसतो. आणि भासऱ्यांना हे कळू दे की या कागदावर सही लागते ती फक्त तुझी. तू सज्ञान आहेस. नवऱ्याचीसुद्धा लागत नाही, त्यांची तर लांबच राहिली.

तरी उशीरही नको. तुला आज बाविसावा पुरा झाला. पूल साधारण विसाव्या आठवड्यापर्यंत बनून होतो, म्हणजे आता बघितलं तर तो आहे की नाही हे सांगता येतं. येत्या सात-आठ दिवसांत दोन्ही तपासण्या व्हाव्यात. जाताना पहिल्या तीन महिन्यांतला सोनोग्राफीचा कागद नक्की ने, आठवडे त्यावरूनच पक्के होतात. पाळीच्या तारखेत आपल्याकडे बायका अंदाजच सांगतात.

एवढ्या लवकर न दिसणाऱ्या गोष्टीही आहेत. २२ आठवड्यांच्या बाळाचा मेंदू सोललेल्या शेंगदाण्यासारखा गुळगुळीत असतो. अक्रोडासारख्या वळ्या त्याला पुढच्या दोन-तीन महिन्यांत पडतात. वळ्यांमध्ये दोष असेल तर तो आत्ता कळणारच नाही. म्हणून कधी कधी ३०-३२ व्या आठवड्यात पुन्हा एकदा एमआरआय सांगतात. तसं सांगितलं तर ‘पहिला फुकट गेला’ असं समजू नका. शिवाय हृदय एमआरआयनं नीट कळत नाही, त्याला वेगळी टू-डी इको असते. हातापायांची हाडं सोनोग्राफीतच बरी दिसतात. गुणसूत्रांचं तर चित्रात काहीच उमटत नाही. त्यासाठी बाळाभोवतीचं पाणी सुईनं काढून तपासतात, त्यात गर्भपाताचा थोडा धोका असतो, तो आधी समजून घे. आईच्या रक्तातून एक-दोन संसर्गही बघतात. यातलं काय लागेल ते नागपूरचे डॉक्टर ठरवतील. मी इथून यादी देत नाही.

पूल नसलाच तर? हे तू फोनवर विचारलं नाहीस. दोनदा विचारता विचारता थांबलीस, ते मला कळलं. दुसरा कुठलाच दोष नसेल आणि एवढंच असेल, तर अभ्यासांत सुमारे तीन-चतुर्थांश मुलांची वाढ नीट झालेली दिसते. उरलेल्यांत कुणाला फिट येतात, कुणी उशिरा बोलतं, कुणाला शिकणं जड जातं, कमी-जास्त असतं. आपलं मूल कुठल्या रांगेत आहे हे पोटात असताना कुठलंच मशीन सांगत नाही. सोबत दुसरे दोष निघाले तर मात्र चित्र बरंच बदलतं, आणि मग तुम्हा दोघांना बसून ठरवावं लागेल. दोघांना. चौघांना नाही. तेव्हा मला पुन्हा फोन कर.

पूल आहे आणि पोकळ्या तेवढ्या जरा रुंद आहेत असं निघालं तर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा मोजायचं. वाढत नसेल तर निम्मी काळजी तिथेच संपते. बाळंतपण मात्र जिथे नवजात बाळांचा कक्ष आहे अशाच ठिकाणी कर. ‘पाणी आहे म्हणजे सिझरच’ असं काही नसतं. बाळ झाल्यावर टाळूवर छोटंसं मशीन ठेवून त्याच्या मेंदूची सोनोग्राफी करता येते, टाळू अजून उघडी असते ना. दुखत नाही, बाळ झोपेतही राहतं. पुढची वाढ बघायला जिल्हा रुग्णालयात बालकांच्या तपासणीची सोय असते, तिथला कागद पहिल्या महिन्यातच करून घे.

आणखी एक. एमआरआयच्या खोलीत यांनी किंवा आणखी कुणी ‘मुलगा का मुलगी’ असं गमतीतही विचारायचं नाही. सोनोग्राफीला जो कायदा लागू आहे तोच इथेही. विचारणाराही गुन्हेगार ठरतो.

कांद्याचं राहिलं. त्या ग्रहणाच्या रात्री विदर्भात किती गरोदर बायका होत्या आणि त्यातल्या किती जणींनी स्वयंपाक केला असेल, विचार कर. ग्रहण दोन-तीन तासांत सुटतं. हा पूल आठ-दहा आठवडे हळूहळू बनत असतो. विळीचा आणि त्याचा काही संबंध नाही. तू काही केलेलं नाहीस. पण हे सासूबाईंना पटवायला बसू नको. फोनवर तू जाता जाता बोलून गेलीस की त्यांचं दुसरं बाळ आठव्या दिवशी गेलं होतं आणि ‘गिऱ्हन लागलं’ असं तेव्हा त्यांना सांगितलं होतं. म्हणजे त्या बाईनं तीस वर्षं ते आपल्या अंगावर घेतलंय. तिला कुणी कधी रिपोर्ट दाखवला नाही, कारण रिपोर्टच नव्हता. तुला लागलं ते खरंच आहे, पण त्या बोलताहेत ती त्यांचीच भीती आहे. नागपूरला त्यांना सोबत ने. घरी ठेवून गेलीस तर त्या आणि भासरे मिळून दिवसभर काय बोलतील ते तुला माहीत आहे. फीटल मेडिसिनचे डॉक्टर पडद्यावर बोट ठेवून दाखवतात, त्या वेळी त्या खोलीत असल्या तर बरं.

तपासणीच्या दिवशी थोडंसं खाऊन जा, उपाशी नको. आत जाण्याआधी लघवीला जाऊन ये. जोडवी, पैंजण, केसांच्या पिना, साडीला टाचलेल्या सेफ्टी पिना सगळं काढायचं. ते लोक गाऊन देतात. लहानपणी अपघातात पायात रॉड-प्लेट बसवली असेल तर आधीच सांग. हातावरचं गोंदणही सांग, त्यानं बहुधा काही अडत नाही. डाव्या कुशीवर झोपवतील. मशीन लांबट बोगद्यासारखं असतं आणि आवाज फार करतं, ठकठक, घर्रर्र, मध्येच थांबतं, पुन्हा सुरू. कानात बोळे देतात. हातात रबरी फुगा देतात. जीव घाबरला की तो दाबायचा, लगेच बाहेर काढतात. अर्धा-पाऊण तास लागतो. बाळ त्यात हलेल, हलू दे.

फोनवर तू शेवटी विचारलंस की मंगळसूत्र काढलं तर सासूबाईंना चालणार नाही, काय करू. काढावंच लागेल, वाट्या सोन्याच्या असल्या तरी. साध्या सुती दोऱ्यात चार काळे मणी ओवून गळ्यात राहू दे. काचेचे आहेत ते, मशीनला चालतात. आत जाताना तिथल्या सिस्टरला दाखव म्हणजे झालं. आणि मंगळसूत्र यांच्या खिशात देऊ नको, हे पार्किंगमध्ये फिरत बसतील. सासूबाईंच्या हातात दे.